दुसऱ्यांच्या नावाचं घावन

सगळ्यात आधी उजेड पडतो तो तव्यावर. बाकी स्वयंपाकघर अजून अंधारातच आहे. उभ्या काठाचा, जाडजूड बिडाचा तवा, खाली फुललेले कोळसे, आणि शेगडीपुढे उकिडवा बसलेला बासष्ट वर्षांचा माणूस. त्याच्या हातातल्या पळीतून पीठ पडतं, तव्यावर पसरतं, आणि तो तवा दोन्ही हातांनी धरून असा फिरवतो की पिठाची पातळ कड काठावर चढून बसते. भिंतीपलीकडे पांगकालपिनांग गाव जागं होतंय. टेकडीच्या दिशेनं मोटारसायकली निघाल्यात आणि प्रत्येकीवर उदबत्त्या, मेणबत्त्या, उकडलेली कोंबडी, डुकराचं मांस, मासळी. आज चेंगबेंग, थडग्यांवर जायचा दिवस. बांका बेटावरचा चिनी माणूस जगात कुठंही पोट भरत असो, आज तो घरी येतो.

घर असो वा नसो. बोंग किम ल्युनला घर नव्हतं. तो दरवर्षी सुराबायाहून यायचा, एका ओळखीच्या बाईच्या खाणावळीत उतरायचा आणि तिची मागची शेगडी दोन तासांसाठी मागून घ्यायचा. तवा मात्र स्वतःचा आणायचा. विमानतळावर दरवर्षी तपासणीवाले तो बाहेर काढायला लावायचे आणि त्याला कोह, म्हणजे दादा, म्हणत विचारायचे.

"हे काय आहे, कोह?"

"आई आहे," असं तो एकदा म्हणाला होता. तेव्हापासून त्याची बायको ग्योक तपासणीच्या रांगेत त्याच्या पुढं उभी राहायची आणि बोलायचं काम स्वतःकडं घ्यायची.

आत्ताही ती त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"कोह, साखर आत्ताच टाकू नकोस. जाळी पडू दे आधी."

"चाळीस वर्षं टाकतोय मी."

"म्हणूनच सांगते. चाळीस वर्षं घाईच करतोयस."

तो हसला. पिठावर बुडबुडे आले, फुटले, आणि सगळ्या घावनभर बारीक बारीक जाळी उमटली. मग त्यानं मूठभर साखर पेरली, वर पांढरे तीळ, आणि झाकण ठेवलं. लोणी नाही, चॉकलेट नाही, चीज नाही. गिऱ्हाइकासाठी तो सगळं घालायचा. आमेसाठी, म्हणजे आईसाठी, तीळ आणि साखर, बस्स.

"यंदा अक्षरं रंगवून घ्यायची," तो झाकणाकडं बघत म्हणाला. "सगळी पुसट झालीत. आणि वाचूनही घेणार आहे. तिच्या दगडावर काय लिहिलंय ते मी अजून ऐकलेलं नाही, ग्योक. तेवीस वर्षं हात जोडतोय, पण कशापुढं ते ठाऊक नाही."

"मग इतकी वर्षं कुणाला विचारलं का नाहीस?"

"लाज वाटायची."

"आणि आता?"

"आता गुडघे दुखतात. पुढच्या वर्षी टेकडी चढवेल की नाही कोण जाणे."

एवढंच त्याला हवं होतं. आईच्या दगडावरची अक्षरं एकदा कुणीतरी मोठ्यानं वाचावीत, लाल रंगानं भरून निघावीत, आणि मग गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो.

त्याची आमे याच गावात बाजाराच्या तोंडाशी घावनं विकायची. बाप कथिलाच्या खाणीत भिंत कोसळून गेला तेव्हा किम ल्युन चार वर्षांचा होता. आमेकडं दोन तवे होते, एक जाड आणि एक पातळ. खाणीवरचे कामगार पहाटे तिच्यापुढं रांग लावायचे आणि म्हणायचे, "एक हॉकलोपान दे." हॉकलोपान म्हणजे हॉकलो या चिन्यांमधल्या दुसऱ्या जमातीचं घावन. पोरवयातल्या किम ल्युनला ते खटकायचं.

"आमे, आपण तर खेक जमातीचे. मग हे हॉकलोंचं कसं?"

"ते आपल्याआधी बोटीतनं उतरले. त्यांनी केलं, आपण बघितलं. नाव त्यांचं, भाजलेली बोटं आपली. जा, पाणी आण."

शाळेत तो दोनच वर्षं गेला. एके दिवशी मास्तरांनी, ज्यांना सगळे सिन्सांग म्हणत, फळा पुसला, पोरांना बाहेर काढलं आणि दाराला कुलूप घातलं. वरून हुकूम आला होता. चिनी शाळा बंद, चिनी अक्षरं बंद. सिन्सांग पुढं सायकली दुरुस्त करू लागले. किम ल्युनच्या हाती तोवर फक्त दहापर्यंतचे आकडे आणि आपलं आडनाव एवढंच लागलं होतं. आडनावाचं अक्षर त्याला चित्रासारखं पाठ होतं. डोक्यावर गवताचा भारा, मधे चौकोनी पोट, आणि खाली दोन आखूड पाय. धावत सुटलेल्या माणसासारखं. पुढं सरकारी कागदावर त्याचं नाव सक्तीनं हर्मावान झालं, पण ते अक्षर त्यानं मनात जपलं. रिकामा बसला की बोटानं मांडीवर काढायचा.

एकोणीस वर्षांचा झाला तेव्हा तो जकार्ताच्या बोटीत बसला. निघताना आमेनं त्याच्या हातात जाड तवा ठेवला.

"हा ने. पातळ तव्यावर तुझी घावनं करपतील. तुला घाई असते."

"तू कशावर करशील?"

"माझी नाही करपत."

"परत आणीन मी तवा. आणि त्यावरचं पहिलं घावन तुला."

"बघू," ती म्हणाली, आणि तिनं पातळ तवा शेगडीवर ठेवला.

जकार्तात त्यानं गाडी लावली आणि तिथं त्याच्या घावनाचं नावच बदललं. लोक त्याला मार्ताबाक बांका म्हणत. ज्या बेटावर ते हॉकलोंचं होतं, त्याच बेटाचं नाव इथं त्याला चिकटलेलं बघून त्याला गंमत वाटली.

"बांका म्हणजे कुठं रे?" एक गिऱ्हाईक विचारायचं.

"बोटीनं एक दिवस, एक रात्र."

"मग इथं कशाला आलास मरायला?"

"तुम्हाला खायला घालायला, साहेब."

गाडी उठवली गेली तेव्हा तो सेमारांगला गेला. तिथं त्याच घावनाला कुए बांदुंग म्हणत. बांदुंगला त्यानं कधी पाऊलही ठेवलं नव्हतं, पण लोक त्याला बांदुंगवाला म्हणू लागले आणि तो ओ देऊ लागला. तिथंच एकदा पोंतियानाकचा एक खलाशी उभ्या उभ्या खाता खाता म्हणाला, "आमच्याकडं याला आपाम पिनांग म्हणतात."

"मग पिनांगात काय म्हणतात?"

"कोण जाणे! पिनांगला गेलोय कोण? तिकडं मलयात आपाम बालिक म्हणतात असं ऐकलंय. उलटवलेलं आप्पम."

"पण हे तर दुमडतात."

"अरे, मी खातोय, तू डोकं कशाला खातोस?"

खलाशी गेल्यावर किम ल्युन बराच वेळ तव्याकडं बघत बसला. प्रत्येक गाव या घावनाला दुसऱ्याच गावाचं नाव देतं. हे आमचं नाही, तिकडून आलंय, असं बोट दाखवतं. आणि त्या दुसऱ्या गावात जावं, तर ते तिसरीकडं बोट दाखवतं. शेवटी हातात तवा तेवढा उरतो.

मग सुराबाया. तिथं ते तरांग बुलान झालं, पौर्णिमेचा चंद्र. ते नाव त्याला त्यातल्या त्यात बरं वाटलं, कारण त्यात कुठलं गाव नव्हतं. तिथंच ग्योक भेटली. ती जातीची हॉकलो. लग्नाच्या दिवशीच तिनं सुनावलं, "माझ्या आजोबांचं घावन विकतोस आणि मलाच पैसे मागत होतास?" आमे असती तर पोट धरून हसली असती.

पण आमे नव्हती. तो जकार्तात होता तेव्हाच ती गेली होती. बांकाहून आलेला एक ओळखीचा माणूस त्याच्या गाडीपुढची रांग संपेपर्यंत बाजूला उभा राहिला आणि मग म्हणाला, "तुझी आमे गेली. चाळीस दिवस झाले." तव्यावर एक घावन होतं. किम ल्युननं ते दुमडलं, कापलं, कागदात बांधलं आणि त्या माणसाच्या हातात दिलं. तिच्यासाठी म्हटलेलं पहिलं घावन दोन वर्षांपूर्वीच कुणीतरी परक्यानं खाल्लं होतं.

वर्षभरानं काकाचा निरोप आला, तोही तोंडी, कारण लिहिलेलं याला वाचता येणार नव्हतं. दगड बसवला आहे. टेकडीवर, काजूच्या दोन झाडांखाली, खालून तिसऱ्या रांगेत. वर आपलं अक्षर आहे. त्यानंतर काकाही गेला.

अठरा वर्षं त्याचं पाऊल उठलं नाही. जाड तवा घेऊन गेलेला मुलगा कुठल्या तोंडानं जाणार? शेवटी ग्योकनंच तिकिटं काढली. काजूची दोन झाडं सापडली, तिसरी रांग सापडली, आणि तिथं एका दगडावर गवताचा भारा, चौकोनी पोट, दोन आखूड पाय. तो गुडघ्यांवर बसला आणि रडला. तेव्हापासून दर चेंगबेंगला त्या दगडाशी घावन ठेवलं गेलं आणि थडग्यावर पिवळ्या कागदाचे तुकडे, प्रत्येक तुकड्यावर एकेक खडा. कागद म्हणजे इथं कुणीतरी येऊन गेलं. ज्या थडग्यावर कागद नाही, तिथल्या माणसाचं जगात कुणी उरलेलं नाही. दरवर्षी तो पोचायचा तेव्हा त्या थडग्यावर गेल्या वर्षीचा, त्याचाच विरलेला कागद असायचा, दुसऱ्या कुणाचा नाही. बरोबरच होतं. तिला तो एकटाच होता.

त्या सकाळी त्यानं गवत उपटलं, दगड धुतला, घावनाचा डबा उघडून ठेवला, उदबत्त्या लावल्या, कागद मांडले. मग ग्योक खाली जाऊन सिन्सांगांना त्यांच्या स्टुलासकट घेऊन आली. त्र्याऐंशी वर्षांचे सिन्सांग चेंगबेंगला टेकडीच्या पायथ्याशी प्लास्टिकचं स्टूल टाकून बसत, कानावर कुंचला, पायाशी लाल रंगाचा डबा. अक्षरं परत खुली झाली तेव्हा ती वाचणारे गावात मोजकेच उरले होते, आणि त्यांतले हे एक.

"नाव?" ते धापा टाकत म्हणाले.

"बोंग."

"निम्मी टेकडी बोंगच आहे. पुढचं बोल."

"किम ल्युन. तुमच्या शाळेत होतो, सिन्सांग. दोन वर्षं."

म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. "आठाचा आकडा उलटा काढायचास, तो तूच ना?"

"मीच."

"आता तरी सुलट येतो का?"

"आता गरज पडत नाही." दोघंही हसले. "आधी वाचून दाखवा, सिन्सांग. मग रंगवा. मला ऐकायचंय."

सिन्सांगांनी चष्मा पुसला, दगडावर बोट ठेवलं आणि शाळेत वाचायचे तसे, एकेका शब्दावर थांबत वाचू लागले. बोंग घराण्याची सून. माहेरची फांग. मुलगे तीन...

"लियाउ," किम ल्युन म्हणाला.

"काय?"

"माहेरची लियाउ. माझी आमे लियाउंची."

"इथं फांग आहे."

"पुसट झालंय. नीट बघा."

सिन्सांगांनी ओल्या फडक्यानं दगड परत पुसला. "फांग. आणि खाली तीन मुलांची नावं. तुझं नाही त्यात."

"परत वाचा."

"अरे, दगड आहे तो. कितीदाही वाचला तरी तेच सांगणार."

"परत वाचा, सिन्सांग."

त्यांनी परत वाचलं. या वेळी त्यांचा आवाज मास्तरांचा राहिला नव्हता. शेजारच्या थडग्यावर एक कुटुंब फटाके उडवत होतं, पोरं ओरडत होती. किम ल्युन दगडाकडं बघत राहिला. धावत सुटलेला तो माणूस तिथंच होता, डोक्यावर भारा घेऊन. आपलं म्हणून तेवीस वर्षं त्यानं तो उराशी धरला होता, आणि तो निम्म्या टेकडीचा निघाला.

ग्योकला काय बोलावं सुचेना, म्हणून ती नको तेच बोलली. "तेवीस वर्षं या बाईनं आपलं घावन खाल्लं, आणि एकदा स्वप्नात येऊनसुद्धा सांगितलं नाही."

तेव्हा किम ल्युननं जे केलं त्याची त्याला पुढं फार लाज वाटली. त्यानं वाकून दगडापुढचा डबा उचलला आणि झाकण लावलं. मेलेल्या बाईच्या पुढ्यातून खाणं काढून घेतलं. कागदांकडंही त्याचा हात गेला, पण ग्योकनं मनगट धरलं.

"ते राहू दे."

"आमेचे आहेत ते."

"या बाईचे तीन मुलगे कधी आलेले बघितलेस तू? राहू दे, कोह." तिनं त्याच्या हातातला डबा घेतला, घावनाचा एक तुकडा मोडला, परत दगडाशी ठेवला आणि डबा त्याला दिला.

सिन्सांग स्टुलावर बसले होते. कुंचला हातात तसाच होता. "तुझा काका," ते म्हणाले, "काकडी खायचा सारखा? पुढचे दोन दात नव्हते?"

"तोच."

"तो आला होता माझ्याकडं. सायकलच्या दुकानात. दार लावून घे म्हणाला. तेव्हा अक्षर लिहिलेलं दिसलं तरी भानगड व्हायची. मी मागच्या खोलीत कागदावर लिहून दिलं, त्यावरून पाथरवटानं कोरलं. लियाउ. हो, लियाउच. मुलगा एक. तुझं नाव मीच लिहिलं होतं रे."

"कुठं बसवला दगड?"

"ही टेकडी नव्हे. उत्तरेकडची. तिथंही काजू होते."

"चला."

"किम ल्युन."

"चला ना, सिन्सांग."

"तिथं आता..." म्हाताऱ्यानं कानावर कुंचला खोचला आणि उठण्यासाठी हात पुढं केला.

भाड्याच्या मोटारसायकलींवरून तिघं गेले. गाव मागं पडलं, मिरीच्या बागा मागं पडल्या, मग पांढरी वाळू लागली. झाड नाही, गवत नाही, नुसती वाळू. बांकाच्या माणसाला वाळू दिसली की समजतं, इथलं कथील काढून झालं. किम ल्युनलाही समजलं होतं. तरी तो डबा छातीशी धरून काजूची झाडं शोधत राहिला.

वाट संपली तिथं पाणी होतं. खाणीचा खड्डा, बाजारपेठ मावेल एवढा, काठोकाठ भरलेला, हिरवा-निळा, इतका सुंदर की बघवत नव्हता. दहा-बारा वर्षांपूर्वी इथं माणसं पंप घेऊन आली होती, सिन्सांग सांगत होते. रात्रंदिवस उपसत होती. ज्यांची माणसं गावात होती त्यांनी अस्थी वेळेवर दुसरीकडं हलवल्या. बाकीच्यांना हाका मारायला कुणाचे पत्ते होते?

"दहा-बारा वर्षांपूर्वी," किम ल्युन म्हणाला. "म्हणजे मी यायला लागलो तेव्हा ती होती."

"एक तप होती. मी त्या टेकडीवर घावन ठेवत होतो आणि ती इथं होती, बिनकागदाची. लोक म्हणत असतील हिला कुणी नाही."

"कोह, पुरे," ग्योक म्हणाली. ती रडत होती. "घावन पाण्यात सोड. पोचेल तिला."

त्यानं डबा उघडला. घावन कोमट होतं अजून. बराच वेळ तो डबा हातात धरून उभा राहिला, पण त्यानं ते सोडलं नाही. बाप खाणीनं नेला होता, आता आईही. त्या पाण्याच्या हाती आमेचं घावन द्यायला त्याचा हात धजेना. त्यानं डबा वाळूत ठेवला आणि पिशवीतून उरलेले पिवळे कागद काढले.

सुराबायाला परतल्यावर तो दोन वर्षं जगला. गाडी लावायचा, पण ग्योकच्या नव्या तव्यावर. आमेचा तवा त्यानं कधी शेगडीवर ठेवला नाही, तेल लावून पुसलाही नाही. बिडाला हात लागला नाही की गंज धरतो. ग्योकनं एकदा घासायला घेतला तर त्यानं तो हातातून काढून घेतला आणि परत होता तिथं ठेवला. गिऱ्हाइकं तरांग बुलान मागायची, तो द्यायचा. कुणी विचारलं की हे मूळचं कुठलं हो, तर पूर्वी तासभर सांगायचा, तो आता खांदे उडवायचा. पुढच्या चेंगबेंगला तिकिटं काढली नाहीत. त्या दिवसाबद्दल तो पुन्हा अवाक्षर बोलला नाही, तापात पडला तेव्हाही नाही.

जे बोलायचं ते तो त्या काठावरच बोलून गेला होता. वारा सुटला होता, हातातले कागद फडफडत होते. पाण्याच्या कडेनं तो वाकून खडे शोधत फिरला. वाळू होती, सगळी वाळूच. एक खडा नव्हता. मग तो वळला आणि लहानपणी वर्गात अडलं की बघायचा तसा त्यानं सिन्सांगांकडं बघितलं.

"सिन्सांग, कागद कशावर ठेवायचा?"